विश्लेषण : स्की म्हणजे नुसती फळी नव्हे... कोणत्या बर्फाला कोणती स्की? गुडघा वाचवणारा खटका कसा काम करतो?

काश्मीर, मनाली किंवा औलीला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकाच्या मोबाइलमध्ये एक छायाचित्र हमखास असते. पायात जड बूट, बुटांखाली दोन लांब फळ्या, हातात काठ्या आणि मागे पांढराशुभ्र डोंगर. या फळ्या म्हणजे स्की. त्यांची लांबी कोणी ठरवली, बूट कोणत्या मापाचा दिला, बूट आणि फळी यांना जोडणारा खटका किती घट्ट केला, याची विचारपूस मात्र फारसे कोणी करत नाही. यंदाच्या हिवाळ्यात उत्तरेकडे निघण्याचा विचार करणाऱ्या नांदेड-लातूरकरांनी ती जरूर करावी. कारण येथे पणाला लागतो तो गुडघा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावणाऱ्या तरुणाला तर एका चुकीच्या पडण्याने अख्खे भरतीचे वर्ष गमवावे लागू शकते.

माणूस बर्फात रुतत का नाही?

पावसाळ्यात काळ्या रानातून चालणाऱ्याला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. चांगला पाऊस झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो आणि चप्पल चिखलातच राहते. त्याच चिखलावर लाकडी फळी टाकली की तोच माणूस आरामात पलीकडे जातो. त्याचे वजन कमी झालेले नसते, ते जास्त जागेवर पसरलेले असते. ७० किलो वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला, तर तळव्यांखालची जागा ढोबळमानाने ५०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १४० ग्रॅम भार. १७० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ९ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की पायांखाली आल्या की ही जागा तीन हजार चौरस सेंटिमीटरच्या वर जाते आणि भार उतरतो सुमारे २३ ग्रॅमवर. सहापट फरक पडतो.

पण रुतायचे नाही एवढेच काम असते, तर बर्फावर चालण्याचे जाळीदार जोडेही पुरले असते. स्कीला घसरायचेही असते. तिच्या तळाला पॉलिथिलीनचा गुळगुळीत थर असतो आणि त्यावर मेण चढवतात. पूर्वी शर्यतींत फ्लोरीनयुक्त मेण चालत असे. पर्यावरणाला आणि मेण लावणाऱ्यांच्या आरोग्याला त्याचा धोका असल्याने आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर बंदी घातली. बाजूच्या कडांना पोलादी पट्टी असते. घट्ट बर्फावर वळताना हीच कड सुरीसारखी बर्फात रुतते. ती गंजलेली किंवा बोथट असेल तर स्की वळत नाही, नुसती आडवी घसरत जाते.

ही युक्ती कोणाला पहिल्यांदा सुचली?

खेळ म्हणून नव्हे, पोटासाठी. उत्तर युरोप आणि आशियातल्या बर्फाळ प्रदेशांत शिकारीला, जंगलात आणि शेजारच्या गावाला जाण्यासाठी हे साधन होते. स्वीडनमधील काल्वट्रेस्क येथे १९२४ मध्ये सापडलेली लाकडी स्की सुमारे पाच हजार वर्षे जुनी मानली जाते. अल्ताई पर्वताच्या परिसरात आजही घोड्याचे कातडे लावलेल्या लाकडी स्की वापरणारे लोक आहेत. कातड्याचे केस मागच्या दिशेने असतात. पुढे सरकताना ते आडवे पडतात आणि चढावर स्की मागे येऊ लागली की उभे राहून पकड घेतात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहिला की हे लगेच कळते.

आजच्या खेळाची सुरुवात नॉर्वेतील टेलिमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइम या गरीब कुळाकडून झाली, असे मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याने दोन गोष्टी केल्या. टाचेभोवती लवचीक मुळ्यांची दोरी घालून बूट फळीशी बांधला आणि फळीला मध्ये कंबर दिली. १८६८ मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, त्याने स्पर्धेत ते करून दाखवले. पुढे फळ्यांना पोलादी कडा आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉवर्ड हेड या अमेरिकी विमान अभियंत्याने विमानबांधणीतील तंत्र वापरून ॲल्युमिनियमची स्की तयार केली आणि लाकडाची मक्तेदारी संपली. लाकूड मात्र पूर्ण गेलेले नाही. आजही चांगल्या स्कीच्या पोटात बहुधा लाकूडच असते, वरून काचतंतू आणि धातूचे थर.

डमरूसारखा आकार कशासाठी?

स्की वरून पाहिली तर पुढे रुंद, मध्ये बारीक, मागे पुन्हा रुंद दिसते. फार लांबट डमरूच म्हणा ना. फळी एका कडेवर कलती केली आणि तिच्यावर वजन टाकले की बारीक कंबर बर्फाला टेकेपर्यंत ती वाकते. आता बर्फाला टेकलेली कड सरळ रेषेत नसते, ती एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते आणि स्की आपोआप त्या वर्तुळावरून फिरते. कंबर जितकी बारीक, तितके वर्तुळ लहान आणि वळण तीव्र. स्लोव्हेनियातील एलान कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खूप बारीक कंबरेची स्की बाजारात आणली, तेव्हा जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. दहा वर्षांत जुन्या सरळ फळ्या अडगळीत गेल्या.

नवशिक्यासाठी हा बदल मोठा होता. पूर्वी हात वर करून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब, दोन मीटरची फळी घ्यायची रीत होती. ती वळवायला वर्षे लागत. आता पहिल्यांदा शिकणाऱ्याला हनुवटीपर्यंत किंवा त्याहून थोडी आखूड स्की देतात. आखूड फळी लवकर वळते आणि कमी वेगात ताब्यात राहते. ‘उंच माणसाला उंच स्की’ एवढाच हिशेब करून कोणी डोक्याच्या वर जाणारी फळी हातात ठेवली, तर ती नम्रपणे परत करावी.

दुसरी गोष्ट कमानीची. सपाट जमिनीवर ठेवलेली पारंपरिक स्की मध्यभागी थोडी उचललेली दिसते. वजन पडले की ती सपाट होते आणि टोकांपर्यंत दाब पोचतो. घट्ट बर्फावर पकड हवी असेल तर ही कमान उपयोगाची. खोल, भुसभुशीत बर्फात मात्र टोक खाली घुसते. त्यासाठी टोके होडीसारखी वर उचललेल्या स्की आल्या. शेन मॅकॉन्की या खेळाडूने पाण्यावरच्या स्कीवरून ही कल्पना घेतली आणि २००२ मध्ये तशी स्की बाजारात आली.

प्रकार नेमके किती?

मोजायला बसले तर पुष्कळ. पण एक प्रश्न विचारला की निम्मा गुंता सुटतो : टाच बांधलेली आहे की मोकळी?

उतारावरच्या, म्हणजे अल्पाइन स्कीमध्ये टाच आणि चवडा दोन्ही जखडलेले असतात. पर्यटक ज्या स्कीवर उभे राहतात त्या याच. यातही कंबरेच्या रुंदीवरून पोटजाती पडतात. दाबून सपाट केलेल्या उतारासाठी साधारण ६५ ते ८० मिमी, सगळीकडे चालेल अशी ८० ते १०० मिमी आणि ताज्या भुसभुशीत बर्फासाठी त्याहून रुंद. दोन्ही टोके वर वळलेली स्की उड्या मारून उलटे उतरणाऱ्यांसाठी असते. शर्यतीच्या स्कीचे तर नियमच ठरलेले आहेत. अगदी जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरण्याच्या स्लॅलम प्रकारात पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटरची स्की लागते, महिलांना १५५. सरळ वेगाच्या डाउनहिलमध्ये हाच आकडा पुरुषांसाठी २१८ आणि महिलांसाठी २१० होतो आणि वळणाची त्रिज्या किमान ५० मीटर. एक स्कूटर, दुसरी मालगाडी.

मोकळ्या टाचेची स्की म्हणजे क्रॉसकंट्री. अतिशय हलकी आणि अरुंद, जेमतेम साडेचार सेंटिमीटरची. फक्त बुटाचे टोक अडकवलेले असते, त्यामुळे चालल्यासारखी टाच उचलता येते. पारंपरिक शैलीच्या स्कीची मधली कमान कडक असते. दोन्ही पायांवर वजन असताना मधला भाग बर्फाला टेकत नाही, स्की घसरते. सगळे वजन एका पायावर टाकून रेटा दिला की मधला भाग दबतो आणि तिथले माशाच्या खवल्यांसारखे खाचे किंवा चिकट मेण बर्फ पकडते. म्हणजे एकच फळी कधी घसरायची आणि कधी रोवायची, हे पायाच्या दाबावर ठरते. सगळ्या प्रकारांत मला ही रचना सर्वांत हुशारीची वाटते. १९८० च्या दशकात स्केटिंगसारखे पाय तिरपे फेकत जाण्याची वेगवान शैली रुजली आणि तिच्यासाठी आखूड, ताठ स्की वेगळी झाली.

टेलिमार्क ही नोरहाइमची शैली. टाच मोकळी, पण उतार उतरायचा, वळताना एक गुडघा जवळजवळ स्कीला टेकवून. दिसायला देखणी, मांड्यांना महाग.

डोंगर आधी पायी चढून मग उतरणाऱ्यांसाठी टुरिंग स्की असते. चढताना टाच मोकळी, माथ्यावर पोचल्यावर बांधायची. तळाला एकाच दिशेने घसरणारी कापडी पट्टी चिकटवतात. तिला अजूनही ‘स्किन’ म्हणजे कातडेच म्हणतात; अल्ताईच्या घोड्याची आठवण त्या नावात राहिली आहे. यावर आधारलेल्या स्की माउंटनिअरिंगला २०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले. स्की जंपिंगची फळी यांत सर्वांत अजस्र, खेळाडूच्या उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंत. ती घसरण्याइतकीच तरंगण्यासाठी असते, पक्ष्याच्या पंखासारखी.

पाय वाचवणारा खटका म्हणजे काय?

हा भाग नीट वाचावा. स्कीचा प्रकार चुकला तर मजा कमी होईल. खटका चुकला तर शस्त्रक्रिया होईल.

अल्पाइन स्कीवर बूट पुढे आणि मागे अशा दोन यंत्रांत अडकतो. या जोडीला बाइंडिंग म्हणतात. तिला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. धावताना बूट सुटू द्यायचा नाही आणि पडताना तो अडवून ठेवायचा नाही. दोन मीटरच्या फळीचे टोक बर्फात अडकले आणि शरीर पुढे गेले, तर ती फळी पहारीसारखी काम करते आणि सगळी पिळवट पायाच्या हाडात, गुडघ्यात उतरते. पूर्वी चामडी पट्ट्यांनी बूट करकचून बांधत, तेव्हा नडगीचे हाड मोडणे ही नित्याची गोष्ट होती. अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेजियन खेळाडू यालमार वाम याचा पाय १९३७ मध्ये असाच मोडला. इस्पितळात असतानाच त्याला सुटणाऱ्या खटक्याची कल्पना सुचली आणि दोन वर्षांत त्याने तो विकायलाही काढला.

आजच्या बाइंडिंगमध्ये पुढचा भाग पाय पिळला गेला की बाजूला सुटतो, मागचा भाग पुढे कोसळताना वरच्या दिशेने सुटतो. किती जोर आला की सुटायचे, हे आत बसवलेल्या स्प्रिंगवर ठरते आणि त्याचा आकडा बाहेर छोट्या खिडकीत दिसतो. हा आकडा अंदाजाने ठेवायचा नसतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय तक्ता आहे. त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधील लांबी आणि तुम्ही जपून उतरणारे आहात की बेधडक, या पाच गोष्टी भराव्या लागतात. पन्नाशी ओलांडलेल्यांना तक्ता एक पायरी खालचा आकडा देतो.

म्हणून दुकानदाराने वजन विचारले तर खरे सांगावे. चारचौघांत पाच-सहा किलो कमी सांगण्याची आपली सवय येथे आड येते. कमी सांगितले तर स्की भलत्या वेळी सुटून तुम्ही पडाल. तरणीताठी पोरे मात्र ‘आम्हाला सगळे जमते’ म्हणून बेधडकच्या रकान्यात जातात आणि खटका जास्त घट्ट करून घेतात. हे जास्त वाईट. दुकानदाराने काहीच विचारले नाही तर? मग तो खटका आधीच्या गिऱ्हाइकाच्या पायाला लावलेला आहे, असे समजावे. ते गिऱ्हाईक ९० किलोचे असेल किंवा बारा वर्षांचे पोर.

खटके सर्वत्र आल्यानंतर नडगी मोडण्याचे प्रमाण खूप घटले. गुडघ्याच्या आतला आडवा स्नायुबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटण्याची चिंता मात्र राहिलीच. त्याचे एक कारण अनेकदा दिसते. माणूस मागे पडू लागतो, ढुंगण गुडघ्यांच्या खाली जाते, सगळे वजन खालच्या बाजूच्या स्कीच्या शेपटीवर येते आणि ती आतल्या बाजूला वळत गुडघा पिळते. पुढचा-मागचा खटका अशा पिळवटीत वेळेवर सुटेलच असे नाही. उपाय सांगायला सोपा आहे. तोल गेलाच तर हात पुढे ठेवून बाजूला पडावे, पडल्यावर घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठू नये आणि कोसळता कोसळता पाय सरळ करून सावरण्याचा हट्ट सोडावा. क्रिकेटमध्ये झेल घेताना जसे शरीर सैल सोडायला शिकवतात, तसेच हे.

बुटाबद्दल थोडे. तो प्लास्टिकचा, कडक आणि पहिल्यांदा घालणाऱ्याला छळ वाटावा असाच असतो. ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकावा आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकावा, हे बरोबर माप. आपल्याकडचे लोक थंडीच्या धास्तीने दोन-तीन लोकरी मोजे चढवतात आणि मग एक नंबर मोठा बूट घेतात. त्यामुळे रक्तप्रवाह दबून पाय जास्तच गार पडतो आणि बुटात पाय हलत राहिल्याने स्की ऐकत नाही. एकच पातळ, लांब मोजा घालावा. जीन्स किंवा थर्मल बुटात खोचू नये. तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडल्याशिवाय बूट खटक्यात घालू नये, कारण मधल्या बर्फाने सगळा हिशेब बिघडतो.

एका तासात स्कीइंग येते का?

नाही. उताराच्या पायथ्याशी कोणीतरी हात धरून वीस-पंचवीस मीटर घसरवत नेले, याला स्कीइंग म्हणणे म्हणजे गोदावरीच्या घाटावर पाय भिजवून ‘पोहून आलो’ म्हणण्यासारखे. मजा म्हणून हरकत नाही, पण तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी वरच्या उतारावर जाणे हा वेडेपणा.

पहिले दोन दिवस जातात ते उभे राहणे, पडणे, उठणे आणि थांबणे यांत. थांबण्याच्या पहिल्या पद्धतीचे नावच बर्फाचा नांगर असे आहे. स्कींची पुढची टोके जवळ, शेपट्या लांब आणि आतल्या कडांवर दाब. दोन्ही फळ्या मिळून नांगराच्या फाळासारखा कोन करतात आणि वेग मरतो. हे हुकमी येईपर्यंत वर नेणाऱ्या दोरवाटेकडे पाहूही नये.

नीट शिकायचे तर संस्थांचे एक ते दोन आठवड्यांचे वर्ग हा चांगला मार्ग. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था सोलंगच्या उतारांवर शिकवते. औलीत गढवाल मंडल विकास निगमचे वर्ग असतात. साहित्य तेथेच मिळते, त्यामुळे स्वतःची स्की विकत घेण्याचा मोह आवरावा. घ्यायचेच असेल तर आधी बूट घ्यावा, कारण पायाचे माप आपले असते आणि बर्फ दर वर्षी वेगळा.

नांदेड-लातूरहून कधी निघावे?

खरी अडचण अंतराची नाही, दिनदर्शिकेची आहे. आपली शाळा-महाविद्यालये दिवाळीत आणि मे महिन्यात सुटतात. स्कीइंगचा हंगाम ढोबळमानाने डिसेंबरअखेर ते मार्च. दिवाळीत बर्फ आलेला नसतो, मे महिन्यात तो वितळून फक्त उंच माथ्यावर उरतो. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या बर्फाच्या ऐन भरात येतात, त्यामुळे शिकण्याच्या वयातला मराठवाड्याचा मुलगा त्या काळात बर्फावर असणे जवळपास अशक्यच. मे महिन्यात काश्मीरला जाऊन ‘स्कीइंगचे पॅकेज’ घेणाऱ्यांनी म्हणूनच दोनदा विचारावे, नेमके कुठे आणि कशावर?

प्रवास पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. हजूर साहिब नांदेडहून जम्मू तावीला साप्ताहिक हमसफर एक्सप्रेस आहे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावू लागली. श्रीनगरहून टंगमर्गमार्गे गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. मात्र २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातील पर्यटकांचाही बळी गेला होता, हे ध्यानात ठेवून निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना आणि गाड्यांची स्थिती पाहावी. औलीचा जोशीमठहून जाणारा रोपवे जमीन खचण्याच्या संकटामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. तेथे रस्त्याने जाता येते.

नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, तर गोंडोलाचा दुसरा टप्पा संपतो तो अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या थोडे खाली. पोचल्याच्या दिवशी धापा टाकत स्की चढवू नये, एक दिवस शरीराला द्यावा. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळे आणि कातडी भाजते, त्यामुळे गॉगल आणि क्रीम ही चैन नव्हे. प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का, हे कागद काढून वाचावे.

अफरवटचा वरचा उतार जगभरातल्या तरबेज स्कीपटूंना खुणावतो, कारण तेथला कोरडा, खोल बर्फ. तेथेच हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा तेथे मृत्यू झाला. रुंद स्की भाड्याने मिळाली म्हणजे तेथे जाण्याचा परवाना मिळाला, असे नाही. शोधयंत्र, फावडे, शोधकाठी आणि जाणकार वाटाड्या यांच्याशिवाय त्या बाजूला वळू नये.

बर्फच पडला नाही तर?

हा प्रश्न आता काल्पनिक नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रे आणि त्यांना पाणी पुरवणारा तलाव करण्यात आला. पण यंत्रालाही थंडी लागतेच. आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी मराठवाड्याचा संबंध गारपिटीपुरता. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारांनी काढणीला आलेली रब्बी पिके झोपवली, ती आठवण अजून ताजी आहे. तिकडच्या गावांना बर्फ न पडल्याची तीच धास्ती असते, कारण घोडेवाला, वाटाड्या, हॉटेलातला मुलगा या सगळ्यांचे पीक ते.

भारतीय खेळाडू यात कुठे आहेत?

गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली. स्वातंत्र्यानंतर स्की आली ती लष्करासाठी. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाच्या काळात जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने गुलमर्गला लष्कराची स्की शाळा सुरू झाली, तीच आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. मराठवाड्यातून फौजेत जाणाऱ्या पोरांपैकी ज्यांची नेमणूक उत्तरेच्या उंच ठाण्यांवर होते, त्यांच्यासाठी स्की हे कामाचे साधन आहे, खेळ नंतर.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून पहिल्यांदा उतरला तो जेरेमी बुजाकोव्स्की, १९६४ मध्ये इन्सब्रुकला, अल्पाइन स्कीइंगमध्येच. मनालीच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरूम येथे कांस्यपदक मिळवले, ते स्कीइंगमधील भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, टंगमर्गचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. त्या शर्यतीत पुरुषांना किमान १९३ सेंटिमीटर लांब आणि ३० मीटर त्रिज्येची स्की वापरावी लागते.

आपल्यासारख्या बर्फ नसलेल्या मुलखातून कोणी पुढे येऊ शकते का, याचे उत्तर शेजारच्या कर्नाटकात आहे. कोडगू हा कॉफीच्या मळ्यांचा जिल्हा. तिथली भवानी तेक्कडा नंजुंडा आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री शर्यतींत भारताकडून उतरते. या प्रकाराचा एक फायदा असा की सरावाला बर्फच लागतो असे नाही. रोलर-स्की नावाची आखूड दांडी मिळते, दोन्ही टोकांना चाके, मध्ये क्रॉसकंट्रीचाच बूट अडकवायचा आणि डांबरी रस्त्यावर काठ्या टोचत पळायचे. युरोपातले खेळाडू उन्हाळाभर तेच करतात. पाय, फुप्फुसे आणि तोल यांची निम्मी तयारी लातूरच्या उन्हातही होऊ शकते, मात्र ती बंदिस्त मैदानावरच करावी. कारण बहुतेक रोलर-स्कींना ब्रेक नसतो, आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे व गतिरोधक पाहता नांदेड-लातूर मार्गावर तो प्रयोग कोणी करू नये.